सवय होईल

जुलैमधली संध्याकाळ होती. चाकणच्या तळेगाव चौकात जनरल शिफ्ट सुटल्यावर जे होतं ते झालं होतं. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, सहा आसनी रिक्षा आणि त्यांच्या मधल्या फटींतून घुसणाऱ्या मोटरसायकली. माझा धाकटा भाऊ माझी गाडी घेऊन रूमवर येत होता. पुढचा टेम्पो थांबला. भावाने एक्सलेटर सोडला. एक्सलेटर परत आला नाही.

म्हणजे मूठ सुटली, पण वायर आतल्या आत अडकली आणि इंजिन ओढतच राहिलं. त्याने ब्रेक दाबला, चिखलात चाक सरकलं आणि तो टेम्पोच्या फाळक्यावर आदळला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आयटीआय करून तो अप्रेंटिस लागला, त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. हजेरी बुडाली तसा स्टायपेंडही बुडाला.

अपघात वाईट होता, पण त्याहून वाईट होऊ शकला असता, असं म्हणून आपण पुढे जातो. मला मात्र त्याच्या तीन आठवडे आधीचं एक वाक्य सोडत नाहीये. भावाने पहिल्यांदा माझी गाडी चालवली त्या दिवशी तो उतरून म्हणाला होता, "दादा, एक्सलेटर जड आहे तुझा." मी मोबाइलवरून मान वर न करता म्हणालो, "सवय होईल."

आणि प्लास्टर घालून रूमवर आल्यावर तो म्हणाला, "चूक माझीच आहे दादा. मला तुझ्या गाडीची सवय नव्हती."

०

यात एक गंमत आहे, जी मला फारशी गमतीची वाटत नाही. मी चाकण एमआयडीसीत वायरी बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. वायरी म्हणजे विजेच्या नाहीत. क्लचची, एक्सलेटरची, ब्रेकची वायर. आमच्याकडे त्यांना कंट्रोल केबल म्हणतात. मी क्वालिटीत आहे. वायर जड चालतेय की हलकी, हे तपासायचा मला पगार मिळतो.

ही वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पोलादी तारांचा पीळ घातलेली एक आतली वायर आणि तिच्यावर पोलादाच्याच पट्टीचं स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आवरण. दोघांच्या मध्ये प्लास्टिकचं अस्तर आणि वरून काळी पीव्हीसी. एका टोकाला ओढलं की दुसऱ्या टोकाला हालचाल होते, मग रस्ता कितीही वाकडा असो. १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन नावाच्या माणसाने हिचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर हिला बाउडन केबल म्हणतात. आकुर्डीला बजाजचे चेतक बनायचे तेव्हा त्या स्कूटरचे गिअरसुद्धा डाव्या मुठीतून वायरींनीच पडायचे. पिंपरी-चिंचवडमधल्या एका अख्ख्या पिढीच्या डाव्या मनगटात ती वायर अजून असेल.

वायर जड का होते? वळणांमुळे. गावाकडे बैलाचं दावं खुंटाला दोन वेढे देऊन धरलं की एका हातानेही बैल थोपवता येतो. वेढा वाढला की घर्षण नुसतं वाढत नाही, ते पटीत वाढतं. आमच्या कामात हेच गणित उलटं नडतं. घर्षणाचा गुणांक ०.१५ असेल आणि वायर एकूण १८० अंशात वळत असेल, तर पलीकडे लागणाऱ्या जोराच्या १.६ पट जोर तुम्हाला अलीकडे लावावा लागतो. धूळ, पाणी, गंज यांनी तोच गुणांक ०.३ झाला, तर अडीच पट. परत येताना याच्या उलट होतं. इंजिनाकडची स्प्रिंग मूठ मागे खेचते, पण वळणांतून येता येता तिचा जोर तितक्याच पटीने घटतो. म्हणून जड एक्सलेटर हा फक्त मनगटाला त्रास देणारा एक्सलेटर नसतो. तो सुटायच्या वेळी न सुटणारा एक्सलेटर असतो.

हे सगळं मला माहीत होतं. अपघाताच्या दिवशी सकाळी मी कदाचित शंभरेक वायरी तपासल्या असतील. आणि माझी स्वतःची वायर जड आहे हे मला माहीत नव्हतं.

खरंच नव्हतं का? इथे मी अडकलोय.

०

दोन दिवसांनी गाडी ढकलत कुरुळीच्या गॅरेजवर नेली. मेकॅनिक काकांनी आधी इंजिनाकडचं टोक सोडवलं. "आता मूठ फिरव." जड. मग मुठीकडचं टोक सोडवलं. मूठ भिंगरीसारखी फिरली. म्हणजे दोष इंजिनात नाही, मुठीत नाही, मधल्या वायरीत आहे. दोष शोधायची रीत एवढीच. साखळीतली एकेक कडी सुटी करायची आणि प्रत्येक कडीला एकटीला हलवून बघायचं.

त्यांनी टाकी उचलली आणि हँडलच्या मानेपाशी बोट ठेवलं. तिथे वायर एका झिप टायने फ्रेमला आवळली होती. इतकी, की तिथे तिचा कोपराच झाला होता. वरून अस्तर घासलं होतं, आतून गंजाचं तांबडं पाणी आलं होतं.

"हे कोणी बांधलं?"

मीच बांधलं होतं. वर्षभरापूर्वी मोबाइल होल्डर बसवताना वायर मध्ये येत होती, म्हणून बाजूला ओढून आवळून टाकली होती. दोनशे-अडीचशे रुपयांची वायर आणि एक रुपयाचा टाय.

मी म्हणालो, "काका, मी रोज चालवतो, मला कधी जड लागली नाही."

ते हात पुसत म्हणाले, "रोज चालवतोस म्हणूनच."

वायर एका दिवसात जड झाली असती तर मला लगेच कळलं असतं. ती रोज थोडी थोडी जड झाली. रोजच्या जडपणाची तुलना मी कालच्या जडपणाशी करत होतो आणि काल व आज यांत फरक कधीच नव्हता. मराठीत याला छान शब्द आहे, अंगवळणी पडणं. शरीरच त्या गोष्टीभोवती वळतं. मग वळण दिसत नाही, कारण बघणाराही तेवढाच वळलेला असतो.

०

मग दोष कोणाचा? "मला कळलंच नाही" हा बचाव आपण रोज ऐकतो आणि तो नेहमीच खोटा नसतो. न कळलेल्या गोष्टीबद्दल माणसाला दोषी धरायचं कसं?

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाला हात घातलाय. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याचं उदाहरण देतो. त्याला शुद्ध नव्हती हे खरं. पण शुद्ध घालवली त्यानेच. म्हणून काही ठिकाणी अशा माणसाला दुप्पट शिक्षा असे. अज्ञान दोन प्रकारचं असतं. एक आपल्यावर येऊन पडतं, दुसरं आपण ओढवून घेतो. दुसऱ्याची जबाबदारी आपली.

मी माझ्यावर हा नियम लावून बघितला. टाय मी आवळला, हे खरं. पण टाय आवळताना तिथे वर्षभराने काय होईल हे मला दिसत नव्हतं. रोज गाडी चालवताना जडपणा जाणवला नाही, पण जाणीव बोथट व्हावी म्हणून मी काही प्यायलो नव्हतो. सवय ही दारू नाही. ती न मागता येते. ती आली नाही तर जगताच येणार नाही. तळेगाव चौकातला प्रत्येक हॉर्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकू आला, तर माणूस चौक ओलांडण्याआधी वेडा होईल.

शिवाय सवय म्हणजे कौशल्यसुद्धा. गॅरेजवाल्या काकांचा हात तीस वर्षं सरावलेला आहे आणि त्यांना मूठ एकदा फिरवली की कळतं. माझा हात चार वर्षं सरावलेला आहे आणि मला काहीच कळलं नाही. दोन्हींना आपण सवय हाच शब्द वापरतो. एका सवयीने हात तीक्ष्ण झाला, दुसरीने बधिर. असं का व्हावं?

मला सुचलेलं उत्तर असं. काकांच्या हाताखालून दिवसाला वीस गाड्या जातात. जड, हलक्या, नव्या, भंगारात जायच्या. त्यांच्या हाताला तुलना माहीत आहे. माझ्या हाताला एकच गाडी माहीत होती. ज्याला एकच गोष्ट माहीत आहे, त्याला ती गोष्ट कशी आहे हे कळत नाही. ती त्याच्यासाठी "अशीच असते".

०

आमच्या कारखान्यात या बधिरपणावर उपाय आहे. वायर गाडीत जशी वळणं घेते, तशीच ती फिक्स्चरवर बसवायची. एका टोकाला ठरलेलं वजन, दुसऱ्या टोकाला गेज. किती जोर लागला, आकडा येतो. आकड्याला सवय होत नाही. सेकंड शिफ्टला रात्री अकरा वाजता माझा हात काहीही सांगो, गेज तेच सांगतो जे सकाळी सांगत होता.

पण गेजवरही एक छोटं स्टिकर असतं, कॅलिब्रेशनची तारीख आणि पुढची तारीख. कारण गेजसुद्धा हळूहळू सरकतो आणि त्याचं त्याला कळत नाही. म्हणून त्याला ठरलेल्या मुदतीत बाहेर पाठवायचं, दुसऱ्या, जास्त भरवशाच्या मापाशी ताडून बघायचं. मुदत संपलेल्या गेजने मोजलेली वायर चांगली असली तरी आम्ही ती चांगली आहे असं म्हणत नाही. आम्हाला माहीत नाही, असं म्हणतो.

हे स्टिकर मी वर्षानुवर्षं बघतोय. त्यात एक नैतिक शहाणपण आहे हे मला भावाचं प्लास्टर बघितल्यावर कळलं. आपण चुकतोय का, हे आपण आपल्यालाच विचारत राहतो आणि त्याला सद्सद्विवेकबुद्धी म्हणतो. पण विचारणारा आणि उत्तर देणारा एकच हात असेल, तर दोघंही एकदमच सरकलेले असणार.

माझ्या रूमवरचा एक मित्र मालवणचा आहे. त्याचा मोठा भाऊ तारकर्लीला पर्यटकांची स्पीडबोट चालवतो. गेल्या दिवाळीत मी तिथे गेलो होतो, तेव्हा धंद्याची सवय म्हणून बोटीच्या वायरी बघितल्या. एकच दांडा असतो. पुढे ढकलला की गिअर पडतो आणि आणखी ढकलला की वेग. मागे ओढला की रिव्हर्स. त्यामागे दोन वायरी, एक गिअरची, एक थ्रॉटलची. आमच्या वायरी फक्त ओढतात, त्या ढकलतातही, म्हणून जाड असतात. आणि बोटीला ब्रेक नसतो. धक्क्याला लागायचं तर वेग वेळेवर उतरला पाहिजे आणि रिव्हर्स वेळेवर पडला पाहिजे. तिथे जड वायर म्हणजे सरळ धक्क्यावर.

पावसाळ्यात बोट बंद असते आणि नेमक्या त्या बसून असलेल्या दिवसांत खारी हवा आपलं काम करते. वायरीच्या टोकाशी मीठ जमतं, इंजिनाजवळच्या सांध्यातलं जुनं ग्रीस घट्ट होतं. त्यांची तपासायची रीतही काकांचीच. इंजिनाकडचं टोक सोडवायचं आणि दांडा हलवायचा. दांडा हलका झाला तर दोष इंजिनाच्या सांध्यात. तरीही जड असेल तर वायरीत किंवा दांड्याच्या पेटीत. सांधा जड असेल तर साफ करून ग्रीस लावायचं. वायर आतून जड झाली असेल तर तेल ओतून, जोर लावून ती सुधारत नाही, बदलायची. एक बदलली की दुसरीही बदलायची, कारण दोघींनी तेवढेच पावसाळे काढलेले असतात.

पण मला लक्षात राहिलं ते दुसरंच. सीझनच्या आधी बोट पाण्यात उतरली की ते शेजारच्या बोटवाल्याला बोलावतात आणि दांडा त्याच्या हातात देतात. ते त्याची बोट बघतात, तो यांची. मी कारण विचारलं. म्हणाले, आपली बोट आपल्याला कधी जड लागत नाही.

०

म्हणजे मला न कळणं हा माझा गुन्हा नव्हता. माझ्या गाडीच्या बाबतीत मी मुदत संपलेला गेज होतो. माझा गुन्हा वेगळा आहे आणि तो अगदी नेमका आहे. दुसरा हात आला होता. नवा, न सरावलेला, गावाहून आलेला. त्याने अचूक माप सांगितलं, "जड आहे." आणि मी त्याला सांगितलं की दोष मापात आहे.

"सवय होईल" या वाक्याचा अर्थ नीट बघा. त्यात जडपणा नाकारलेला नाही. उलट कबूल केलाय. तुला जे जाणवतंय ते खरं आहे, पण थोड्या दिवसांनी तुला ते जाणवणार नाही, आणि तेच चांगलं. ही तक्रारीची दुरुस्ती नाही, तक्रार करणाऱ्याची आहे.

आपल्या पट्ट्यात हे वाक्य किती वेळा बोललं जातं ते मोजायला लागलो तर दिवस पुरायचा नाही. प्रेस शॉपमध्ये नवा मुलगा म्हणतो, कानात रात्रभर शिट्टी वाजते. सवय होईल. पण कानाला आवाजाची सवय होत नाही. कान हळूहळू बहिरा होतो आणि ते बहिरेपण परत फिरत नाही. आळंदीला पहिल्यांदा आलेला माणूस इंद्रायणीवरचा पांढरा फेस बघून थबकतो. इथे राहणारा म्हणतो, असतो तो, सवय होते. घरात नव्याने आलेली सून काही बोलते तेव्हा सासू म्हणते, आम्हालाही सुरुवातीला असंच वाटायचं. तेव्हा सासूला कोणीतरी हेच सांगितलेलं असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली. रॉकेटच्या सांध्यांतली रबराची कडी आधीच्या उड्डाणांतही जळालेल्या सापडल्या होत्या. पण यान दर वेळी सुखरूप परत आलं, म्हणून थोडं जळणं चालतं असं हळूहळू ठरत गेलं. आदल्या रात्री ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीचं कारण देऊन उड्डाण नको असं सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तिथे कोणी खलनायक नव्हता. नियमातून सरकणंच हळूहळू नियम झालं होतं.

खलनायक नव्हता, हे मला पटतं. मीही खलनायक नव्हतो. पण त्याने माझं ओझं हलकं होत नाही. सावध राहा, सतत लक्ष द्या, असा उपदेश करणं सोपं आहे. बारा तास उभं राहिलेल्या माणसाकडे देण्यासारखं लक्षच उरलेलं नसतं. त्याच्याकडून सतत जागं राहायची अपेक्षा करणं हाच अन्याय आहे. पण एवढं तर मागता येईल, की आपलं लक्ष गळून जातं हे धरून चालावं, आणि कोणी नवा माणूस "हे जड आहे" म्हणाला तर त्याला गप्प करू नये. त्याची ही नजर फार दिवस टिकत नाही. महिन्या-दोन महिन्यांत तोही आपल्यासारखा होतो. तेवढ्यात त्याचं माप लिहून घ्यायला हवं.

भावाने मात्र स्वतःचं माप स्वतःच खोडलं होतं. "चूक माझीच, मला सवय नव्हती." मी त्याला झिप टाय दाखवला. वायरीचं घासलेलं अस्तर दाखवलं. म्हणालो, तू बरोबर सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. तो म्हणाला, जाऊ दे ना दादा. मला वाटतं हे शब्द त्याने कुठेतरी आधीच शिकून ठेवले होते.

०

सप्टेंबरमध्ये त्याचं प्लास्टर निघालं. गाडीला तोवर नवी एक्सलेटर वायर बसवली होती, सैल वळणाने, मानेपाशी मोकळी. मोबाइल होल्डर काढून टाकला होता. मी मोठ्या अभिमानाने चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, बघ.

त्याने गाडी उभीच ठेवून मूठ पिळली आणि सोडली. टक्कन परत आली. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. "हलकं झालं," तो म्हणाला. मग डावा हात क्लचवर ठेवला, दोनदा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"बोल ना."

"क्लच जड वाटतोय," तो म्हणाला. "पण होईल सवय."

मी लिव्हर दाबून बघितला. मला काहीच जड लागलं नाही. नेहमीसारखाच होता. मी चावी काढून खिशात टाकली, स्टँड वर घेतला, आणि आम्ही दोघं गाडी ढकलत कुरुळीच्या दिशेने निघालो.